गाठ सोडण्याआधी : महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सापडलेलं गावाचं दप्तर

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या ग्रंथपालांचा आहे. जिन्याखालच्या खोलीत त्यांना पत्र्याच्या दोन पेट्या, कापडात बांधलेले आठ-नऊ गठ्ठे, जुन्या वर्तमानपत्रांची एक चळत आणि कागदांनी भरलेलं एक पोतं सापडलं. कागद मोडी लिपीत आहेत, उर्दूत आहेत, थोडे बाळबोध, म्हणजे देवनागरी मराठीत. प्राचार्यांचं म्हणणं असं की, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येण्याआधी ‘स्थानिक इतिहास कक्ष’ उभा राहिला पाहिजे. चांगले दिसणारे कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावा, बाकीचं रद्दीत काढा. ग्रंथपाल विचारतात : सुरुवात कुठून करू, ठेवू काय आणि टाकू काय, वर्गांक (विषयानुसार द्यायचा क्रमांक) कोणता देऊ, आणि त्या पोत्याचं काय करू?

सर, मी मराठवाड्यातल्याच एका महाविद्यालयात ३१ वर्षं ग्रंथपाल होते. तुमच्या जिन्याखालच्या खोलीसारखी एक खोली माझ्याही वाट्याला आली होती. म्हणून सगळ्यात आधी एवढंच सांगते : एकही गाठ सोडू नका. सोडली असेल तर जिथं आहात तिथं थांबा.

माझं काय चुकलं ते ऐका, म्हणजे असं का म्हणते ते कळेल. १९९० च्या दशकात एका जुन्या वाड्यातून निरोप आला. माळवद गळत होतं, वाडा पाडायचा होता. घरातल्या आजीबाई म्हणाल्या, “न्या बाई हे सगळं, नाहीतर पोरं होळीत घालायलेत.” रिक्षात घालून दोन पेट्या आणल्या. मी तेव्हा नवी, शिकून आलेल्या वर्गीकरणाचा ताठा अंगात. एका रुमालात, म्हणजे कागद बांधायच्या कापडात, ज्वारीच्या पावत्या होत्या, गुळाच्या दोन चिठ्ठ्या, १७ नावांची एक यादी आणि बैलगाडीच्या भाड्याचा हिशेब. मी रुमाल सोडला, पावत्या ‘व्यापार’ या फाइलमध्ये लावल्या, भाड्याचा हिशेब ‘वाहतूक’मध्ये आणि यादीवर ना तारीख ना मथळा, म्हणून ती ‘संकीर्ण’मध्ये टाकली. रुमाल मळका होता. धुवून टेबल पुसायला घेतला.

पाच-सहा वर्षांनी एक संशोधक विद्यार्थिनी आली. निजामाच्या राजवटीविरुद्ध सरहद्दीवर जी शिबिरं चालली, त्यांना गावागावांतून धान्य कसं पोचायचं, हा तिचा विषय. त्या वाड्यातून धान्य जायचं असं तिला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलं होतं. पावत्यांवर १३५७ फसली, म्हणजे १९४७-४८ सालच. यादीतली नावं पोरांची, आसपासच्या गावांची. सगळं एका रुमालात बांधलेलं होतं हे मला आठवत होतं. पण माझ्या आठवणीला पुरावा कोण म्हणणार? पावत्यांवर नावं नव्हती, यादीवर तारीख नव्हती. त्यांना जोडणारी एकच गोष्ट होती, ती गाठ. ती मीच सोडली होती आणि कुठं लिहूनही ठेवली नव्हती. तिनं प्रबंधात तो प्रसंग ‘सांगीव माहिती’ म्हणून एका ओळीत उरकला. दुसरं काही करताच येत नव्हतं.

पुस्तक सुटं असलं तरी पुस्तकच असतं. दप्तरातला कागद सुटा झाला की अर्धा मरतो. त्यामुळे तुमचा वर्गांकाचा प्रश्न मी इथंच निकालात काढते. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात महाराष्ट्राच्या इतिहासाला ९५४.७९२ आहे, तो छापील पुस्तकांना द्या. दप्तराला वर्गांक नसतो, पत्ता असतो : पेटी १, गठ्ठा ३, कागद १४. विषयाची सूची नंतर वहीत किंवा एक्सेलमध्ये हवी तेवढी करा, एकच कागद पाच विषयांखाली दाखवा. कागद मात्र आपल्या जागेवरून हलता कामा नये.

आता पहिल्या आठवड्याचं काम. खोलीचा दारातून फोटो घ्या, मग प्रत्येक पेटीचा बंद असताना आणि उघडल्यावर, मग प्रत्येक गठ्ठ्याचा गाठ दिसेल असा. रुमालाला बाहेरून चिठ्ठी टाचलेली असते, कधी कापडावरच शाईनं लिहिलेलं असतं; ते वाचता आलं नाही तरी फोटोत यायला हवं. क्रमांक कागदाच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहायचा. बॉलपेन नाही, स्टिकर नाही. आणि ग्रंथालयाचा शिक्का तर नाहीच! आपल्या लोकांचा हात शिक्क्याकडे आपोआप जातो. निजामी मोहोरेवर आडवा मारलेला महाविद्यालयाचा जांभळा गोल शिक्का मी स्वतः पाहिला आहे.

त्याच आठवड्यात तुमच्याकडचे सगळ्यात जुने शिपाईमामा गाठा. मामा निवृत्त झाले असतील तर घरी जा, चहा घ्या. पेट्या कोणी आणल्या, कोणत्या प्राचार्यांच्या काळात, कोणाच्या घरून, आधी कुठं होत्या, मध्ये पाणी शिरलं होतं का, कोणी त्यातलं काही नेलं का, हे सगळं विचारा आणि तारखेनिशी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. दाखल नोंदवहीत या पेट्यांची नोंद बहुधा मिळणार नाही, कारण तेव्हा नोंद व्हायची ती फक्त किंमत असलेल्या पुस्तकांची. पण संस्थेच्या कार्यकारिणीच्या इतिवृत्तात एखादी ओळ सापडते : “अमुक यांनी घरातील जुने कागद दिले, आभार.” माझ्याकडे एका संग्रहाचा सगळा वंश अशा एका ओळीवर उभा राहिला.

मग कागद उघडायला घ्या. तुम्ही मराठवाड्यात आहात, म्हणून पुण्या-सातारच्या ग्रंथपालाला पडत नाहीत असे तीन पेच तुम्हाला पडतील : तारीख, पैसा आणि गावाचं नाव.

तारखेचं उदाहरण घेऊ. आडत दुकानाच्या वहीवर डोक्याला ‘१२ अमरदाद १३४७ फ.’ असं दिसलं. हा निजामी फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल. त्याचं वर्ष आझूर महिन्यानं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. पुढे दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबेहेश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. आझूर ते बहमन या काळासाठी फसली आकड्यात ५९० मिळवा, इस्फंदारपासून पुढे ५९१. बहमनचे शेवटचे आणि इस्फंदारचे पहिले दिवस तेवढे जंत्रीवरून तपासा, कारण नवं इंग्रजी साल तिथं कुठंतरी लागतं. म्हणजे आपली नोंद जून १९३८ ची. नुसते ५९० मिळवून मोकळे झालात तर १९३७ लिहाल आणि वर्षाची चूक कायमची सूचीत बसेल. कागद पेशवाईतला मोडी असेल तर तिथं सुहूर सन येईल, तोही अंकात नाही तर अरबी शब्दांत : ‘इसन्ने सबैन मया व अलफ’. दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७२. यात ५९९ मिळवले की १७७१, आणि ते वर्ष मृगाला बदलतं, म्हणून १७७१-७२. मारवाडी पेढीची वही असेल तर विक्रम संवत, देशस्थाच्या घरातलं पत्र असेल तर शके. एकाच पेटीत चारही कालगणना निघाल्या तर गोंधळू नका. आपल्या भागात ते नेहमीचंच आहे. नियम एकच : कागदावर आहे ती तारीख आधी जशीच्या तशी, तिच्यापुढे कंसात इसवी सन. आपलं गणित चुकलं तर पुढच्याला दुरुस्त करता आलं पाहिजे.

पैशाचं तसंच. वहीत ‘रु. ७० हाली’ दिसलं तर तो निजामाचा हाली सिक्का. इंग्रजांचा रुपया तो कलदार. साधारण ७ हालीला ६ कलदार मिळायचे. सरहद्दीजवळच्या दुकानदारांच्या वह्यांत दोन्ही एकाच पानावर असतात आणि मधे बट्ट्याची, म्हणजे दोन नाण्यांच्या अदलाबदलीतल्या फरकाची, ओळ असते. ती ओळ पाहिली की माल सरहद्द ओलांडून जात होता हे कळतं, त्यासाठी वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. माझ्याकडच्या एका वहीत ऐन १९४८ च्या पावसाळ्यात दोन महिने बट्ट्याची ओळच नाही. हिशेब कोरा नाही, विक्री चालू आहे, पण सगळी हालीत. दुकानदारानं कुठंही ‘रझाकार’ किंवा ‘नाकाबंदी’ असा शब्द लिहिलेला नाही. त्यानं फक्त कलदार लिहायचं थांबवलं. सप्टेंबरच्या १३ ते १७ तारखांना हैदराबाद संस्थानावर पोलीस कारवाई झाली. वहीत त्या दिवसांची पानं कोरी सोडलेली आहेत आणि त्यानंतरची पहिली नोंद पेढ्यांची. अशी वही तुमच्या पेटीत असेल तर तुमच्या भिंतीवर लावायच्या कोणत्याही सनदेपेक्षा ती मोठी आहे.

गावांची नावं बदलली आहेत आणि जिल्हेही. अंबाजोगाई निजामी कागदात मोमिनाबाद आहे. उदगीर, निलंगा, अहमदपूर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबादमध्ये. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, आणि तुमच्याच परभणीतून हिंगोली निघाला तो १९९९ मध्ये. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं तर परवा-परवा बदलली. सूचीत कागदावरचं नाव ठेवा, शेजारी आजचं नाव द्या. जुनं नाव ‘दुरुस्त’ करू नका. मोमिनाबाद शोधत येणारा संशोधक अंबाजोगाईखाली पाहीलच असं नाही. शिवाय गाव दिवाणीत (थेट सरकारी महसुलात) होतं, सर्फ-ए-खासमध्ये (निजामाच्या खाजगी मुलखात) होतं, पायगेत (बड्या सरदार घराण्यांच्या मुलखात) होतं की एखाद्या जहागिरीत, हे कळलं तर जरूर नोंदवा. १९४९ मध्ये जहागिरी संपेपर्यंत त्या-त्या गावाचे कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांत तयार होत होते आणि वेगवेगळ्या ठिकाणी गेले.

हे सगळं वाचणार कोण, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. मोडीला माणसं मिळतात. पुराभिलेख खात्याचे आणि विद्यापीठांचे वर्ग होतात, एखाद्या प्राध्यापकाला पाठवा. उर्दूचं अवघड आहे. छापील उर्दू वाचणारा शिक्षक तुमच्या गावात असेलच, पण कचेरीतलं घसटं, शिकस्ता वळणाचं अक्षर त्यालाही लागत नाही. ज्यांची शाळा १९४८ च्या आधी उर्दूतून झाली, ज्यांनी तहसिलीत उर्दूतून अर्ज लिहिले, ती पिढी आता नव्वदीत आहे. असे एक आजोबा माझ्याकडे दर गुरुवारी यायचे. भिंग लावून वाचायचे, मी लिहून घ्यायची. वाचता वाचता थांबून म्हणायचे, “ह्या पेशकाराचं अक्षर मला ठाऊक आहे, हा फार खायचा.” कागदावर नसलेली माहिती ती अशी येते. तुमच्या गावात असं कोणी असेल तर मोडीच्या वर्गाआधी, कपाटांच्या कोटेशनआधी, उद्या त्यांच्याकडे जा.

आता ठेवायचं काय आणि टाकायचं काय. इथं मी बऱ्याच लोकांशी भांडले आहे. स्थानिक इतिहास म्हटलं की प्राध्यापक मंडळी गॅझेटिअर शोधतात. औरंगाबाद जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटिअर छापील आहे, त्याच्या प्रती आहेत, स्कॅन आहेत. ते तुमच्याकडे असलं तर छान, नसलं तर काही बिघडत नाही. निजामी महसुलाचे मोठे कागद हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आणि आपल्या राज्याच्या पुराभिलेख संचालनालयात आहेत. खासरा पत्रकं (जमिनीच्या नोंदी), कोतवाल बुकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी) तहसीलच्या आणि भूमी अभिलेखच्या कपाटांत आहेत. त्यांची नक्कल करण्यात आयुष्य घालवू नका. सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती निजामकालीन कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हापासून महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही माणसं येऊ लागली : “मॅडम, पणजोबाची नोंद असंल का बघा की.” त्यांना आशेवर ठेवू नका. गावाचं आणि तालुक्याचं जुनं नाव शोधून द्या, कोणत्या कचेरीत काय मागायचं ते कागदावर लिहून द्या. एवढ्यानंही त्यांचे चार हेलपाटे वाचतात.

तुमच्याकडे आहे आणि दुसरीकडे कुठंही नाही, असं काय आहे? तुमचं स्वतःचं महाविद्यालय! हे ऐकून माझे प्राचार्य हसले होते. वार्षिक अंकाची पूर्ण फाइल किती महाविद्यालयांकडे आहे ते विचारून बघा. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तालुक्या-तालुक्यात महाविद्यालयं निघाली आणि गावातली पहिली पदवीधर पिढी त्या अंकांतून पहिल्यांदा लिहू लागली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या पोराची कविता, १९७४ च्या विकास आंदोलनात कॉलेज बंद राहिल्याच्या सूचना, विद्यापीठाच्या नामांतराच्या काळातली, म्हणजे १९७८ पासून १९९४ पर्यंतची दोन्ही बाजूंची पत्रकं. पत्रक हा फार लवकर मरणारा कागद आहे. दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधली जातात. आणि ‘दोन्ही बाजूंची’ म्हणते ते मुद्दाम. माझ्याकडे एका बाजूची नीट लावलेली फाइल आली होती, दुसऱ्या बाजूची कोणी जपलीच नव्हती. ती मला वस्तीतल्या एका वाचनालयाच्या माळ्यावर सापडली, तीही अर्धी. ग्रंथपालानं या भांडणात निवाडा द्यायचा नसतो, कागद मात्र दोघांचे मागायचे असतात.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांचे अहवाल पाहा. तुमच्या लोकांनी ते बहुधा ‘जुन्या फाइली’ म्हणून गुंडाळून ठेवले असतील. सात-दहा दिवस पोरं एखाद्या खेड्यात राहायची, घरटी पाहणी करायची : विहिरी किती, पाणी किती परसावर (परस म्हणजे पुरुषभर खोली), जनावरं किती, ऊसतोडीला किती घरं जातात. आकडे पोरांनी काढलेले, चुका असणारच, पण त्या खेड्याचं त्या वर्षाचं दुसरं चित्र कोणाकडेच नाही. आमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू यातूनच निघाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला, त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्या भागातल्या एका गावात भूकंपाआधी काही वर्षं आमच्या पोरांचं शिबिर झालं होतं, आणि एका मुलीनं आलेखाच्या कागदावर गावाचा नकाशा काढला होता. वेस, मारुतीचा पार, चावडी, बोळ, बोळाबोळातली घरं आणि प्रत्येक घरावर आडनाव नाही तर लोक म्हणायचे ते नाव : ‘वरचा वाडा’, ‘गिरणीवाले’, ‘पांढरीकडचे’. नवं गाव आखीव चौकोनी आहे, घरांना क्रमांक आहेत. त्या गावातले लोक हा नकाशा पाहायला येतात. एका बाईनं बोट ठेवून आपला उंबरा दाखवला, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, आणि असं करत ती अख्खी आळी फिरून आली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

प्रवेश नोंदवह्याही ठेवाच, पण कुलपात. त्यांत जन्मतारीख, जात, पालकाचा धंदा, सगळं असतं. घरच्या माणसानं लेखी अर्ज केला तर त्याची नोंद दाखवा, अख्ख्या पानाचा फोटो काढू देऊ नका. पान आंतरजालावर टाकणं तर सोडाच.

वर्तमानपत्रांच्या चळतीबद्दल एक सूचना. ग्रंथपालाच्या सवयीनं तुम्ही ती नावावार लावाल. थांबा. आ. कृ. वाघमारे यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ‘मराठवाडा’ हे वर्तमानपत्र सुरू केलं, निजाम सरकारनं बंदी घातली की ते दुसऱ्या नावानं निघायचं. अशा बदलत्या नावांचे अंक कोणी एकत्र तारखेनं लावून ठेवले असतील तर त्या ठेवणाऱ्याला ते एकच वर्तमानपत्र आहे हे माहीत होतं. तुम्ही नावावार वेगळे केलेत तर बंदीची सगळी कथा विस्कटून जाईल. इथंही पुन्हा गाठीचीच गोष्ट.

लॅमिनेशन. प्राचार्यांना नम्रपणे, पण ठाम नाही म्हणा. उष्णतेनं प्लास्टिक कागदात मुरतं, ते काढता येत नाही, आत कागद आपल्याच आम्लानं पिवळा होऊन मोडतो आणि बाहेरून चकचकीत दिसत राहतो. सेलोटेपचं तसंच, दहा वर्षांनी टेप गळून पडते, तपकिरी डाग राहतो. भिंतीवर लावायचं तर रंगीत छायाप्रत लावा. समितीला फरक कळत नाही, आणि मूळ कागदाला उजेडही लागत नाही.

बाकी जपणुकीला फार पैसा लागत नाही. टाचण्या आणि गंजलेल्या क्लिपा हलक्या हातानं काढा. धूळ मऊ ब्रशनं, कागदाच्या मधून कडेकडे. हे करताना तोंडाला मास्क बांधा, कारण जुन्या कचेऱ्यांत वाळवीसाठी काय काय पावडरी मारलेल्या असतात त्याचा नेम नाही. रुमाल टाकू नका (मी त्यानं टेबल पुसलं!). फाटला असेल तर पांढरा मांजरपाट आणा, दोन-तीनदा धुवून खळ पूर्ण काढा आणि त्यात बांधा. जुना रुमाल घडी करून त्याच पेटीत ठेवा. लाल खारव्याचं कापड टाळा, ओल लागली की रंग कागदावर उतरतो. डांबराच्या गोळ्यांचा वास माणसांना बाधतो, कसरीला फारसं काही करत नाही; त्यापेक्षा वेखंडाची पोटली बरी, पण खरा इलाज रोजचा केर आणि महिन्यातून एकदा कपाट उघडून पाहणं हाच. किडीनं पोखरलेला गठ्ठा आधी वेगळा काढा. मी तो प्लास्टिक पिशवीत घट्ट बंद करून एका आइस्क्रीमवाल्याच्या उणे वीसच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवला होता. घरच्या फ्रीजनं हे होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर तशीच राहू द्यायची, नाहीतर कागदाला दव सुटतं.

आणि कूलर. परभणीचा मे महिना तुम्हाला मी काय सांगणार! वाचनकक्षात कूलर लागतो, त्याची ओली हवा दाराच्या फटीतून थेट कागदांच्या खोलीत जाते. मुंबई-कोकणातल्या लोकांना वाटतं मराठवाड्यात कोरडं, बुरशीचं काय काम. आमच्या खोलीत बुरशी आली ती पावसाळ्यात नाही, मे महिन्यात, कूलरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून विटेवर, आणि स्लॅबच्या गळक्या कोपऱ्याखाली नको.

मोबाइलनं फोटो काढायला हरकत नाही, चांगल्या उजेडात, प्रत्येक पान, कोरी पानंसुद्धा, आणि फाइलचं नाव तोच पत्ता : पेटी-गठ्ठा-कागद. व्हॉट्सअॅपवरून पाठवू नका, चित्र दाबलं जातं, बारीक मोडी वाचता येत नाही. प्रती तीन ठेवा, त्यातली एक कॉलेजच्या इमारतीबाहेर. आणि सगळंच जगाला खुलं करायची घाई नको. पत्राचा कागद तुमच्या मालकीचा झाला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा.

देणाऱ्याकडून एक पानाचं देणगीपत्र घ्याच : काय दिलं, कायमचं की सांभाळायला, कोणाला दाखवायचं, कोणाला नाही. जमिनीची किंमत वाढली की नातू येतो आणि म्हणतो, आजोबांनी दिलेली सनद परत द्या. माझ्याकडे दोनदा आले. एकदा पत्र होतं, चहा पिऊन गेले. एकदा नव्हतं, पेटी गेली. तुमच्या पेट्यांना देणगीपत्र नसेलच; घर सापडलं तर आता घ्या, छायाप्रतींचा एक संच त्यांना भेट द्या. बहुतेक घरांना तेवढंच हवं असतं.

राहिलं पोतं. तुम्ही लिहिलंय, त्यात ‘नुसत्या किराणा-कापडाच्या पावत्या आणि मेसची बिलं’ आहेत, निदान ती तरी रद्दीत घालू का. बिलांवर तारखा आहेत का ते आधी पाहा. वसतिगृहाच्या मेसची सलग दहा वर्षांची बिलं असतील तर ज्वारी जाऊन गहू कधी आला, गोडेतेल कधी बदललं, दुष्काळात पोरांच्या ताटात काय होतं, हे त्या पोत्यात आहे. १९७२-७३ ची बिलं सापडली तर त्यांत ‘मिलो’ शोधा, अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी. ती खाल्लेली माणसं तुमच्या गावात अजून आहेत, आणि बिल समोर ठेवलं की बोलतात. पोतं तेवढं बदला, तागाला वाळवी लवकर लागते. आतला क्रम जसा निघेल तसाच नव्या पेटीत घाला, वरचं वर, खालचं खाली, आणि ‘पेटी ३’ असं लिहा.